परवलीचा शब्द आणि जयघोष

मनुष्य शब्दाचा उपयोग विशेषेकरून दोन कामांसाठी करीत आला आहे. एक, दार राखण्यासाठी; आणि दुसरे, माणसे गोळा करण्यासाठी. पहिल्या कामाच्या शब्दास आपण परवलीचा शब्द म्हणतो. दुसऱ्यास घोषणा, ललकारी किंवा जयघोष अशी नावे आहेत. पहिला कानात सांगावयाचा, दुसरा घसा फुटेस्तोवर ओरडावयाचा. वरवर पाहता ही दोन टोके दिसतात. परंतु दोहोंचे मर्म एकच आहे. ‘आपला कोण?’ या प्रश्नाचे उत्तर दोन्ही शब्द देऊ पाहतात. आणि ज्या क्षणी आपला कोण हे ठरते, त्याच क्षणी परका कोण हेही ठरून जाते. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कानडी बोलणाऱ्या आमच्या जोयडा तालुक्यातील विद्यार्थ्यांस हा विषय पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. तो आपल्या उंबरठ्यावरचाच विषय आहे.

प्रथम परवलीच्या शब्दाचा विचार करू. ‘परवल’ हा शब्द मूळचा मराठी नव्हे. इंग्रजी पलटणींत पहारेकऱ्यास सांगावयाच्या गुप्त शब्दास ‘परोल’ म्हणत. त्यावरून तो आपल्याकडे आला. ‘परोल’ हा पुन्हा फ्रेंच भाषेतून आलेला, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ केवळ ‘शब्द’ अथवा ‘वचन’ एवढाच. तेव्हा ‘परवलीचा शब्द’ म्हणजे ‘शब्दाचा शब्द’ झाला म्हणावयाचा! कैद्यास ‘पॅरोल’वर सोडले असे वर्तमानपत्रांत आपण वाचतो, तोही हाच शब्द. परत येईन असे वचन दिले म्हणून सोडले, हा त्याचा मूळ भाव. सांगावयाचे तात्पर्य असे की, परवलीच्या शब्दाच्या मुळाशी विश्वास आहे. शब्द दिला, म्हणून दार उघडले.

या शब्दाची राखण कशी करावी, याचे शास्त्र फार जुने आहे. प्राचीन रोमच्या सैन्याची व्यवस्था पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेविली आहे. रोज सायंकाळी सेनाधिकारी त्या रात्रीचा शब्द एका लाकडी पाटीवर लिहून देई. ती पाटी छावणीच्या टोकाच्या तुकडीपासून एकेका तुकडीतून हातोहात फिरत अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत यावयाची. एखादी पाटी परत आली नाही तर ती कोठे अडकली हे खुणांवरून तत्काळ कळे, आणि दोषी माणसास शिक्षा होई. शब्द रोज बदलावा, तो लेखी द्यावा, आणि तो कोणाकोणाच्या हातून गेला याची नोंद राहावी, हे तीन नियम दोन हजार वर्षांपूर्वी ठरून गेले होते.

ग्रीकांची एक गोष्ट याहूनही मनोरंजक आहे. इ. स. पूर्व ४०१ साली कुनाक्सा येथे इराणचा राजपुत्र सायरस आपल्या भावाशी लढावयास उभा होता. त्याच्या बाजूने लढणाऱ्या ग्रीक शिपायांच्या रांगांतून कुजबुज ऐकू आली, तेव्हा त्याने ती कसली म्हणून विचारले. परवलीचा शब्द रांगेतून दुसऱ्यांदा परत जात आहे, असे झेनोफनने त्यास सांगितले. ‘त्राता झ्यूस आणि विजय’ असा तो शब्द होता. हे ऐकून सायरसने तो स्वीकारला. येथे परवलीचा शब्द आणि जयघोष एकच झालेले दिसतात. शत्रूमित्र ओळखण्यासाठी जो शब्द कानोकानी गेला, त्यानेच शिपायांच्या मनास धीरही दिला.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ सालच्या जून महिन्यात, दोस्तांची सेना फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरली, त्या रात्री अमेरिकन छत्रीधारी शिपाई अंधारात इतस्ततः विखुरले गेले होते. झुडपामागे खसखस झाली की एकाने ‘फ्लॅश’ म्हणजे ‘वीज’ असे पुकारावयाचे, आणि दुसऱ्याने ‘थंडर’ म्हणजे ‘गडगडाट’ असे उत्तर द्यावयाचे. उत्तर आले नाही तर गोळी. शब्दाची किंमत प्राणाएवढी होते ती अशी.

परंतु परवलीच्या शब्दाचे एक भयंकर रूपही आहे, आणि त्याची कथा बायबलाच्या जुन्या करारात ‘शास्ते’ या भागात आलेली आहे. गिलाद येथील लोकांनी एफ्राइमी लोकांचा पराभव केला आणि यार्देन नदीचे उतार अडवून धरले. पळून जाणारा कोणी पलीकडे जाऊ द्या म्हणाला की त्यास ‘शिब्बोलेथ’ हा शब्द उच्चारावयास सांगत. एफ्राइमी माणसास ‘श’ नीट म्हणता येत नसे; तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे. तेवढ्यावरून त्यास ओळखून तेथेच ठार करीत. अशी बेचाळीस हजार माणसे मारली गेली, असे ती कथा सांगते. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, हा शब्द गुप्त नव्हता. तो सर्वांस ठाऊक होता. त्यात कोणतेही वचन नव्हते की विश्वास नव्हता. त्या माणसाने काय केले, हे कोणी विचारले नाही. त्याची आई त्याच्याशी कसे बोलली, एवढेच तपासले गेले. परवलीचा शब्द जेव्हा माणसाच्या जिभेचीच परीक्षा घेऊ लागतो, तेव्हा तो पहारेकऱ्याचा शब्द उरत नाही. तो खाटकाचा सुरा होतो.

ही कथा आम्हांस दूरची वाटत नाही. कोकणी माणसाचा हेल, कुणब्याच्या मुलाचा उच्चार, कानडी मुलाच्या मराठीतील लिंगाची चूक यांवर वर्गात हशा पिकतो, तेव्हा तेथे रक्त सांडत नाही हे खरे. परंतु यार्देनच्या उतारावरील पहारा तेथे छोट्या प्रमाणात सुरू झालेला असतो. ज्या मुलाचा उच्चार हसण्यावारी नेला, तो मुलगा पुन्हा हात वर करीत नाही. शाळेचे दार उघडे असूनही ते त्याच्यापुरते बंद होते.

अलीकडे मराठीत ‘परवलीचा शब्द’ याचा अर्थ पार उलटा झाला आहे. ‘विकास हा आजचा परवलीचा शब्द आहे’, असे वक्ते म्हणतात. जो शब्द दोघांतिघांनाच ठाऊक असावयाचा, तो ज्याच्या त्याच्या तोंडी झालेल्या शब्दाचे नाव झाला! यात भाषेचा दोष नाही. भाषा अशीच वाहते. परंतु एक धोक्याची सूचना यात आहे. जो शब्द सर्वांच्या तोंडी असतो, तो अनेकदा कोणाच्याच मनात नसतो. तो म्हटला की दार उघडते, एवढेच लोक जाणतात. दाराआड काय आहे याची चौकशी कोणी करीत नाही.

खराखुरा परवलीचा शब्द आज घराघरांत शिरला आहे, तो ‘पासवर्ड’ या नावाने. संगणकास पासवर्ड जोडण्याचे श्रेय बहुधा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या फर्नांडो कॉर्बाटो यांना देतात. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथे एकच मोठा संगणक अनेकांस वापरावा लागे, म्हणून प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत यासाठी ही युक्ती निघाली. गंमत अशी की, १९६२ साली तेथील एका संशोधकाने स्वतःस अधिक वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली! कुलूप आणि कुलूप उघडण्याची हिकमत ही जुळी भावंडे आहेत, हे यावरून दिसते. पुढे शहाणपण असे आले की, खुद्द शब्द साठवावयाचाच नाही. गणिती रीतीने त्याचा असा चुरा करून ठेवावयाचा की चुऱ्यावरून मूळ शब्द जुळविता येऊ नये. आपण शब्द दिला की यंत्र त्याचा पुन्हा तसाच चुरा करते, आणि दोन्ही चुरे जुळले तर दार उघडते.

आणि ‘ओटीपी’ म्हणजे तरी काय? रोमन छावणीतील त्या एका रात्रीच्या पाटीचाच हा नवा अवतार. एकदाच वापरावयाचा, काही क्षणांत मरून जाणारा शब्द. आमच्या तालुक्यातील कित्येक वाड्यांवर अजून भ्रमणध्वनीस ‘रेंज’ मिळण्यासाठी टेकडी चढावी लागते. परंतु फसविणाऱ्याचा आवाज तेवढ्या चढावरही पोहोचतो. ‘बँकेतून बोलतो, आलेला आकडा सांगा’, असे म्हणणारा माणूस बँकेतला नसतो. पहारेकरी परवलीचा शब्द विचारतो तो दाराशी उभा राहून. दार कोणते हे न सांगता जो शब्द मागतो, तो चोरच समजावा. घरातील वडीलधाऱ्यांस ही गोष्ट समजावून सांगणे हे आज शिकलेल्या मुलाचे कर्तव्य आहे. आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता १९३० या शासकीय क्रमांकावर तत्काळ कळवावे.

आता जयघोषाकडे वळू. इंग्रजीतील ‘स्लोगन’ हा शब्द स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांच्या भाषेतून आला असून ‘सैन्याची आरोळी’ असा त्याचा मूळ अर्थ आहे. आमच्या कोकणीत ‘उलो’ म्हणजे हाक आणि ‘उलोवप’ म्हणजे बोलणे. ज्या भाषेने बोलण्यास हाकेपासून घडविले, ती भाषा बोलणाऱ्यांस हाकेचे महत्त्व सांगावयास नको. रानात वाट चुकलेल्यास वाट दाखवावयाची ती हाकेनेच.

महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या हद्दीवरील जयघोष ऐकले तर एक नवल दृष्टीस पडते. जेजुरीच्या गडावर भंडारा उधळीत लाखो मराठी भक्त ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ असे गर्जतात. यातील ‘येळकोट’ म्हणजे कानडीतील ‘एळु कोटि’, सात कोटी. शुद्ध मराठी मुलुखाच्या मध्यभागी, मराठी माणसाच्या कुलदैवतापुढे, कानडी शब्द दुमदुमतो. आणि तोच ‘एळु कोटि’ कर्नाटकात मैलारलिंगाचे भक्तही म्हणतात. तुळजापुरास ‘आई राजा उदो उदो’ होतो, तसा बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मेचा ‘उधो उधो’ होतो. यात मराठी कोण, कानडी कोण? शिब्बोलेथ या एका शब्दाने एका नदीचे दोन काठ वैरी केले. येळकोट या एका शब्दाने दोन भाषांचे भक्त एका पायरीवर उभे केले. शब्द दोन्हीकडे सारखाच. वापरणाऱ्याची वृत्ती वेगळी.

रणातील जयघोषाचे उदाहरणही आमच्या शेजारचेच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावास आहे. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही त्या रेजिमेंटची ललकारी दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, आफ्रिकेतील एरिट्रिया देशात केरेनच्या डोंगराळ लढाईत उमटली आणि पुढे कायमची झाली. उघड्या कड्यावरून वर चढावयाचे आणि वरून इटालियनांचा भडिमार सोसावयाचा, अशी ती लढाई होती. सह्याद्रीच्या गडांवरून जन्मलेले नाव परक्या खंडातील डोंगरावर शिपायांच्या ओठी यावे, यात जयघोषाचे खरे कार्य दिसते. तो माणसास त्याच्या एकट्याच्या भयातून उचलून एका मोठ्या परंपरेच्या खांद्यावर बसवितो.

‘जय हिंद’ची कथा तर प्रत्येक विद्यार्थ्याने मनात जपावी अशी आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मनीत हिंदी सैनिकांची जुळवाजुळव करीत असता एक अडचण आली. कोणी ‘नमस्ते’ म्हणे, कोणी ‘सलाम’, कोणी ‘सत् श्री अकाल’. प्रत्येक अभिवादन आपल्या पंथाची ओळख सांगे. सर्वांस समान असे अभिवादन हवे होते, आणि ते हैदराबादच्या आबिद हसन यांनी सुचविले असे मानतात. पाहा, येथे परवलीच्या शब्दाची रीतच उलटविली गेली. माणसे वेगळी ओळखता यावीत म्हणून नव्हे, तर ती वेगळी ओळखता येऊ नयेत म्हणून हा शब्द निवडला गेला. आमच्या तालुक्यातील कॅसलरॉक हे एके काळी इंग्रजी मुलुखाचे शेवटचे स्थानक. पलीकडे पोर्तुगिजांचा गोवा. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावास सभाबंदी मोडली, त्यानंतर हाच ‘जय हिंद’ गोव्यात उच्चारणे तुरुंगास आमंत्रण देण्यासारखे झाले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून गेले, तेव्हा पोर्तुगिजांच्या गोळ्यांनी वीसहून अधिक जणांचे प्राण घेतले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. जो शब्द सहज म्हणून आपण शाळेच्या प्रांगणात उच्चारतो, त्यासाठी डोंगरापलीकडे माणसांनी काय मोजले आहे, याची जाणीव असल्यावाचून तो उच्चारू नये.

आता अवघड प्रसंगाकडे येऊ. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. ‘बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’, ही घोषणा महाराष्ट्रात घुमली. कारवार, हल्याळ आणि सुपे हे तालुके त्या मागणीत होते. १९६७ साली महाजन आयोगाने या तीन तालुक्यांची मागणी मान्य केली नाही. २००४ साली महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दुसऱ्या बाजूस, धारवाडास १८९० साली कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन करणारे रा. ह. देशपांडे यांनी दिलेली ‘सिरिगन्नडं गेल्गे’, म्हणजे समृद्ध कानडीचा जय होवो, ही घोषणा. दर वर्षी १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव, तर बेळगावात दुसरीकडे काळा दिवस. दोन्ही घोषणांच्या मागे आपल्या भाषेवरील निस्सीम प्रेम आहे, हे आम्ही निःशंकपणे मान्य करतो. हद्दीचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. ते शालेय वार्षिकाचे नव्हे.

परंतु एक गोष्ट आम्ही येथे सांगितलीच पाहिजे. घोषणेत गावांची नावे असतात. गावातील माणसे असतातच असे नाही. ‘कारवार’ हा शब्द ज्यांनी ओरडला त्यांतील किती जणांना ठाऊक होते की तेथील घराघरांत कोकणी बोलतात? आणि ‘ही कानडीच भूमी’ म्हणणाऱ्यांतील किती जणांनी रानातल्या कुणब्याच्या चुलीपाशी बसून त्याची बोली ऐकली? ज्या सुप्याच्या नावाने वाद झाला, ते सुपे गाव आज कोठे आहे? काळी नदीवरील धरण १९८७ च्या सुमारास पुरे झाले; गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. सीमारेषा जेथल्या तेथे राहिली; ज्याच्यासाठी रेषा ओढावयाची ते गाव मात्र राहिले नाही. घोषणा नकाशाकडे पाहते. माणसाने मात्र जमिनीकडेही पाहिले पाहिजे.

जमिनीकडे पाहणारी घोषणा कशी असते, याचा वस्तुपाठ आमच्याच जिल्ह्याने घालून दिला आहे. १९८३ सालच्या सप्टेंबरात शिरसी तालुक्यातील सळकणीच्या लोकांनी रानात जाऊन झाडांस मिठ्या मारल्या आणि कुऱ्हाडी थोपविल्या. हीच ‘अप्पिको’ चळवळ. कानडीत ‘अप्पिको’ म्हणजे मिठी मार. ‘उळिसु, बेळेसु, बळसु’, म्हणजे राखा, वाढवा, वापरा, ही तिची घोषणा. तीन क्रियापदे, आणि तिन्ही स्वतःने करावयाची. यात कोणाचा धिक्कार नाही, कोणास ‘चले जाव’ नाही. शेवटी ‘वापरा’ म्हणून रानावर जगणाऱ्या गरिबाचा घासही राखला आहे. घोषणा कानडी आहे म्हणून ती आमची नव्हे काय? रान एकच असेल तर हाकही एकच.

येथे कोणी विचारील, ‘घोषणेत विचार कसला? तो क्षणाचा आवेश!’ हे अर्धसत्य आहे. पंडित नेहरूंनी आपल्या ‘भारताचा शोध’ या ग्रंथात सांगितले आहे की, खेड्यांत लोक ‘भारतमाता की जय’ म्हणून त्यांचे स्वागत करीत, तेव्हा ही भारतमाता कोण असे ते विचारीत. एका शेतकऱ्याने, ही धरती, असे उत्तर दिले. कोणती धरती, असे विचारीत विचारीत नेहरू त्यांस सांगत की, डोंगर, नद्या, रान तर आहेच. परंतु भारतमाता म्हणजे मुख्यतः तिची कोट्यवधी माणसे. एका प्रश्नाने आरोळीचा पाठ झाला. घोषणेस अर्थ विचारणे म्हणजे तिचा अपमान नव्हे. तोच तिचा खरा मान होय.

म्हणून विद्यार्थीमित्रांनो, कोणताही जयघोष करण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत असे आमचे मत आहे. पहिला, याचा अर्थ मला माझ्या घरच्या भाषेत सांगता येईल काय? दुसरा, हे म्हटल्यावर उद्या सकाळी मला काय करावे लागेल? आणि तिसरा, जो माझ्यासोबत हे म्हणणार नाही, तो माझ्या शेजारी निर्भयपणे उभा राहू शकेल काय? पहिल्या प्रश्नास उत्तर नसेल तर ती पोपटपंची. दुसऱ्यास नसेल तर तो नुसता गोंगाट. आणि तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो यार्देनच्या उतारावरील शिब्बोलेथ समजावा आणि तोंड मिटून घ्यावे. गप्प राहण्यासही कधी कधी आरोळीपेक्षा अधिक छाती लागते.

शाळेपुरते बोलावयाचे तर आम्ही एक सुचवितो. क्रीडास्पर्धांच्या वेळी प्रत्येक गटाने आपला जयघोष स्वतः रचावा, आणि त्यात मराठी, कोकणी, कानडी या तिन्ही भाषांतील एकेक तरी शब्द असावा. आरंभी हसू येईल. परंतु जेजुरीच्या पायऱ्यांवर जे शतकानुशतके चालत आले, ते आमच्या मैदानावर का चालू नये?

आपला पासवर्ड कोणास सांगू नका. आपला जयघोष मात्र असा असू द्या की तो सर्वांस सांगता यावा. गुप्त शब्दाने आपली पेटी राखावी, उघड्या शब्दाने आपले गाव. जो या दोहोंची अदलाबदल करतो, म्हणजे पेटीची किल्ली परक्याच्या हाती देतो आणि गावाच्या वेशीवर मात्र जिभेची झडती घेतो, त्याचे दोन्हीकडे नुकसान होते. या रानात पूर्वापार एक रीत आहे: अंधारातून हाक आली तर ती कोणत्या भाषेतली हे न पाहता ओ द्यावी. ती रीत जोवर जिवंत आहे, तोवर आमच्या तालुक्यास दुसऱ्या परवलीच्या शब्दाची गरज पडणार नाही.